नाव फुकट

केजी वनची यादी आली, पाठपोट छापलेली.
सव्वीस जूनला शाळा. म्हणजे उरले नऊ दिवस.
काळे बूट, पांढरे मोजे, छातीवर पिन लावून रुमाल,
पाण्याची बाटली, डबा.
आणि डब्याच्या खाली रेघ मारून :
पाल्याला स्वतः उघडता आला पाहिजे.

बाकी यादी देवानंदच्या खिशात.
ही ओळ माझ्याजवळ,
काळीपिवळीत तिघांत पाच जण बसलो तेव्हाही.

आर्वीच्या बाजारात ऊन असं
की बाहेर टांगलेल्या बॅगा हात लावू देईनात.
देवानंदला चाकांची बॅग पाहिजे होती,
विमानतळावर ओढत नेतात तशी.
"घरापासून फाट्यापर्यंत काळी माती हाय," मी म्हटलं,
"तिथं चाक नाई, बैल फसते."
तो हसला. तरी दोनदा ओढून पाहिली त्यानं
फरशीवर, दारापासून गल्ल्यापर्यंत.

मग डबे.
चार क्लिपांचा. बटण दाबायचा.
चमच्याला आत वेगळी खोली असलेला.
परीचा, जिचे डोळेच अर्धं झाकण.
मी एकेक आम्रपालीच्या हातात देत गेले.
"काहाड झाकण."
तिनं नखं लावली, दात लावले,
पोटाशी धरला, खाली बसून पायांत धरला.
दुकानदार म्हणाला,
"बाई, उघडून द्याले तिथं मॅडम राह्यते नं!"

मला मॅडमचं नका सांगू.
आठ वर्षं झाली, अंगणवाडीत मदतनीस आहे.
रोज बावीस ताटल्यांत खिचडी वाढते.
बावीसांत एक तरी असं असतं
की रिकामी ताटली धरून मागे उभं राहतं
आणि मागत नाही.
आमची त्यातलीच.

(ताई विचारतात, मंग आपल्याच अंगणवाडीत कायले नाई?
मी पातेलं घासत राहते.)

शेवटी भांड्यांच्या गल्लीत,
गंजांच्या उतरंडीमागे
एक स्टीलचा गोल डबा. झाकण जरा सैलच.
तिनं अंगठा लावला.
टक.
लावलं परत. परत टक.
रस्सा सांडेल यातून. तर रस्सा नको.
पोळी-गूळ देईन, कोरड्या पातोड्या,
मुगवड्या परतून.
वरणभात घरी आल्यावर.

"नाव टाकून देऊ? नाव फुकट हाय," म्हातारा म्हणाला.
मशीन सुरू केली, डबीत कोंडलेल्या माशीसारखी.
"कोणाकडून लिहू?"

आमच्या घरच्या सगळ्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावं.
परातीवर माझे मोठे मामा, तारखेसकट.
गुंडावर सासऱ्यांचे कोणी दोस्त,
ज्यांना मी पाहिलंही नाही, पण रोज घासते.
कढईवर आत्याबाई, सप्रेम भेट,
त्यातला प्रे अर्धा झिजलेला.
"कोणाकडूनच नाई," मी म्हटलं.
"जे त्यात जेवन तिचं टाका."

त्यानं चष्मा वर केला.
"आम्रपाली. लय लांब होते, माय.
घरी काय म्हणता?"
"आमू म्हणतो. पण पूर्ण टाका.
आम्रपाली देवानंद मून."

म्र काढताना हात घसरला त्याचा,
शेपटी गेली झाकणाच्या कडेपर्यंत.
देवानंद म्हणाला, बदलून घेऊ.
पोट्टीनं डबा छातीशी दाबला.
"नाई. हा उंदीर हाय."

बाटली घ्यायची राहूनच गेली.

आता जेवण डब्यातच.
ओट्यावर बसून, बाजेखाली शिरून,
बकरीला आधी उंदीर दाखवून.
रात्री लाइन जाते, पंखा थांबतो,
आणि अंधारात कुठून तरी येतं
टक.
मी मोजत नाही.
काल अकरा.